‘तू झालीस आणि आई अशी झाली’

पत्र:

ताई, मी २७ वर्षांची आहे, नोकरी करते. मी सात वर्षांची असल्यापासून आईला स्किझोफ्रेनिया आहे. तिला वाटायचं भिंतीपलीकडचे लोक आमचं बोलणं ऐकतात, त्यामुळे आम्ही घरात कुजबुजत बोलायचो, शाळेतून आले की ती माझं दप्तर रिकामं करून बघायची. आता गोळ्या चालू आहेत, भास जवळजवळ बंद आहेत पण ती नुसती बसून असते, मी काहीही सांगितलं तरी ‘बरं’ एवढंच. नातेवाईक पहिल्यापासून म्हणतात, तू झालीस आणि ती अशी झाली. दोन वर्षांपासून मी एका मुलासोबत आहे, लग्नाचं बोलणं चाललंय. त्याला मी सांगितलंय की आईला बीपी आहे म्हणून ती कुणाला भेटत नाही. मागच्या आठवड्यात सिनेमा बघताना एका खुनी पात्राबद्दल तो म्हणाला, हा तर पक्का सायको, स्किझोफ्रेनिक. मीपण हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. रात्री कुणी हाक मारल्यासारखं वाटलं तरी मला झोप लागत नाही, मलापण हे होणार का? आणि खरं सांगू, मला आईचा राग येतो. वेगळं राहायला जावंसं वाटतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. काय करू?

उत्तर:

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून टेबलावरच आहे, दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले. कारण सांगते. माझ्या बाबांना हाच आजार होता. या सदरात मी हे कधी लिहिलं नव्हतं, पण तुला नुसतं ताई म्हणून उत्तर देणं खोटं वाटलं असतं.

आधी ते नातेवाइकांचं वाक्य घेऊ, कारण बाकी सगळं त्याच्याखाली दबलंय असं मला वाटतं. हा आजार कुणाच्या जन्मामुळे होत नाही. घराण्यातून येणारा कल असतो, मेंदूची जडणघडण असते जी माणूस आईच्या पोटात असल्यापासून चालू असते, पुढे मोठे ताण, कधी नशा, अशा बऱ्याच गोष्टी एकत्र येतात आणि मग कधीतरी आजार वर येतो, एकटं असं कुठलंच कारण नसतं. आता लोकांचा घोळ कुठे होतो बघ. बायकांमध्ये हा आजार बहुतेक वेळा विशीत किंवा तिशीच्या सुरुवातीला दिसायला लागतो आणि तेच वय मूल होण्याचं, मूल लहान असण्याचं असतं. दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या की माणसं त्यांची गाठ मारून टाकतात. बाळंतपणानंतरचा काळ मनाच्या आजारांसाठी नाजूक असतो हे खरं आहे, पण नाजूक काळ असणं वेगळं आणि बाळाने आजार आणणं वेगळं. आणि तू तर स्वतःच लिहितेस की तू सात वर्षांची असताना सुरू झालं, मग मधली सात वर्षं गेली कुठे? तुझ्या नातेवाइकांचा साधा हिशोबसुद्धा जुळत नाही, आणि तू वीस वर्षं तो डोक्यावर घेऊन फिरतेयस.

हे फक्त नातेवाईकच करतात असंही नाही. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन नावाच्या एका मोठ्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ असा शब्द वापरला आणि पुढची कित्येक वर्षं जगभरातल्या आयांना सांगितलं गेलं की तुमच्या वागण्याने तुमचं मूल असं झालं. नंतरच्या संशोधनात त्याला आधार सापडला नाही, ती कल्पना टाकून दिली गेली, पण तोवर किती आया त्या अपराधीपणात मेल्या असतील. तिकडे आईला दोष, तुझ्या घरात मुलीला. आजाराला चेहरा नसतो ना, म्हणून लोकांना कुणाचातरी चेहरा लागतो.

आता रागाचं.

आमच्या घरी दाराशी चपला ठेवायची जागा होती. मी नऊ-दहा वर्षांची असेन, शाळेतून आले की आधी तिथे बघायचे. बाबांच्या चपला जागेवर असल्या की आजचा दिवस बरा. चपला नसल्या पण बाबा घरात आहेत हे कळत असलं तर त्यांनी त्या कॉटखाली लपवल्यात, म्हणजे ‘त्या लोकांना’ आपण घरात आहोत हे कळू नये म्हणून, आणि मग मी पण माझे बूट काढून हातात घेऊन आत जायचे आणि तेही कॉटखाली ठेवायचे. मला कुणी सांगितलं नव्हतं असं कर म्हणून. चाळिशी उलटून गेल्यावरही मी कुठल्याही घरात शिरताना आधी खाली बघायचे, दारातल्या चपलांकडे, आणि आपण असं का करतो हे माझ्या लक्षातही यायचं नाही.

तू जे कुजबुजत बोलायला शिकलीस ना, ते हेच. मराठीत या क्षेत्रात काम करणारी माणसं आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर, मला दोन्ही शब्द आवडतात, पण शुभंकर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोठं माणूस येतं, नवरा, बायको, म्हातारे आईवडील. सात वर्षांच्या शुभंकराला कुणी विचारत नाही की तुला काय समजलंय, तुला काय वाटतं. डॉक्टर मोठ्यांशी बोलतात, मोठे आपापसात बोलतात, मूल आतल्या खोलीत. आणि मूल काय करतं, तर स्वतःच काहीतरी अर्थ लावतं, बहुतेक वेळा हाच की माझ्यामुळे झालं किंवा मी शहाण्यासारखं वागले तर बरं होईल. तुला तर नातेवाइकांनी तो अर्थ आयता दिला.

तेव्हा राग येणारच गं. तो आईचा राग आहे असं तुला वाटतंय, मला तो बराचसा त्या पहाऱ्याचा राग वाटतो, जो कुणी तुझ्याशी न बोलता तुला दिला. आणि समजा थोडा आईचाच असला तरी काय झालं, आजारी माणसाचा राग येऊ शकतो, त्याने प्रेम खोटं ठरत नाही. मला बाबांचा इतका राग यायचा की ते हॉस्पिटलमध्ये गेले की मी पहिल्या रात्री गाढ झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून रडायचे.

आता तुझ्या पत्रातलं जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते, तू एका ओळीत उरकलंयस. ती नुसती बसून असते, ‘बरं’ एवढंच म्हणते. लोकांना स्किझोफ्रेनिया म्हटलं की भास आणि संशय एवढंच माहीत असतं, कानात आवाज येणं, कुणीतरी माग काढतंय असं वाटणं, ते दिसतं म्हणून. पण या आजाराला दुसरी एक शांत बाजू असते, त्यात माणसातून गोष्टी वजा होत जातात. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, आवाजातला चढउतार जातो, शब्द आटतात, एखादी गोष्ट आपणहून सुरू करण्याची ताकद जाते. अंघोळीला जायचं हे कळतं पण उठणं होत नाही. आणि वाईट म्हणजे गोळ्या भासांवर जितक्या चालतात तितक्या यावर चालत नाहीत, त्यामुळे होतं काय की भास थांबले, घरच्यांना वाटलं आजार गेला, आता जे उरलंय तो आळस किंवा नाटक किंवा आमच्याबद्दलची बेफिकिरी. तो आळस नाहीये. तिचा चेहरा हलत नाही म्हणजे आत काही हलत नाही असं समजू नकोस, आत काय चाललंय ते चेहऱ्यापर्यंत पोचत नाही एवढंच. तू प्रमोशनची बातमी सांगितलीस आणि ती ‘बरं’ म्हणाली तर ते ‘बरं’ तिच्याकडून फार लांबून आलेलं असू शकतं.

यात करण्यासारखं थोडं आहे. एकतर डॉक्टरांना हे स्पष्ट सांग, कारण अशी सुस्ती कधी गोळ्यांच्या डोसमुळेही असते, कधी वेगळं डिप्रेशन असतं, आणि त्या दोन्हींवर उपाय होऊ शकतो, पण घरचे ‘आता बरी आहे, त्रास देत नाही’ असं सांगून येतात आणि डॉक्टर तीच चिठ्ठी पुढे चालू ठेवतात. दुसरं म्हणजे तिच्यासमोर बसून गप्पा मारायचा प्रयत्न सोड, तिच्या शेजारी बसून काहीतरी कर. कपड्यांच्या घड्या घाल आणि अर्धे तिच्याकडे सरकव, काही बोलू नकोस. माझ्या बाबांशी बोलणं जमायचं नाही पण माझी वही पुढे केली की ते माझं अक्षर सुधारून द्यायचे, प्रत्येक ‘ळ’ परत काढून दाखवायचे, तासभर सुद्धा. आमचं बोलणं तेवढंच होतं आणि ते पुष्कळ होतं.

सिनेमातल्या त्या खुनी पात्राबद्दल. मला त्या मुलाचा राग आला नाही, खरंच, कारण त्याने ते कुठून उचललं ते माहितीये. आपल्या मराठी शब्दातच गोंधळ आहे बघ, छिन्नमनस्कता, म्हणजे फाटलेलं मन, आणि मूळ शब्दही तसाच, ग्रीकमधून फाटणं आणि मन हे दोन शब्द जोडून स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये तो मांडला. त्यांना म्हणायचं होतं की विचार, भावना, वागणं यांचा एकमेकांशी असलेला धागा सुटतो. लोकांनी अर्थ काढला एका माणसात दोन माणसं, सकाळी साधा आणि रात्री खुनी. तो आजार वेगळा, हा वेगळा, आणि त्या दुसऱ्या आजाराची माणसंही सिनेमात दाखवतात तशी नसतात. जपानमध्ये या आजाराच्या नावाचा अर्थ ‘मन फाटण्याचा रोग’ असाच होता आणि तिथे पेशंटच्या घरच्यांच्या संघटनेने मागणी लावून धरली, शेवटी २००२ मध्ये नाव बदललं, आता त्याचा अर्थ साधारण ‘जुळणी बिघडण्याचा आजार’ असा होतो. त्यानंतर तिथले डॉक्टर पेशंटला निदान उघडपणे सांगायला लागले ते प्रमाण पुष्कळ वाढलं. एका शब्दाने एवढा फरक पडतो, म्हणून मी ‘वेडा’, ‘डोक्यावर पडलेला’ हे शब्द हसण्यावारी नेत नाही.

आणि हिंसेचं म्हणशील तर हा आजार असलेली बहुतेक माणसं कधी कुणावर हात उगारत नाहीत. त्यांच्याकडून इतरांना होतो त्यापेक्षा इतरांकडून त्यांनाच त्रास जास्त होतो, फसवणूक, मारहाण, हाकलून देणं. उपचार नसतील, त्यात दारू किंवा नशा असेल तर धोका वाढतो हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. घरात तुला कधी भीती वाटली तर वाद न घालता खोलीबाहेर पड आणि मदत बोलाव, भीती वाटली म्हणजे आईचा अपमान केला असं होत नाही. पण खरा मोठा धोका त्यांचा त्यांनाच असतो, आत्महत्येचं प्रमाण या आजारात इतरांपेक्षा खूप जास्त आहे, म्हणून ‘जगून काय करायचंय’ असं काही तिच्या तोंडून आलं तर ते बोलण्यातलं बोलणं समजून सोडू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

एक गोष्ट सांगते जी मी फार कुणाला सांगितलेली नाही. एकदा रात्री बाबांना ऐकू येणारे आवाज खूप वाढले होते, ते खोलीत येरझाऱ्या घालत होते, मी कोपऱ्यात बसले होते आणि अचानक ते माझ्याकडे आले. मला वाटलं आता मारतील. त्यांनी दोन्ही तळहातांनी माझे कान घट्ट झाकले, आणि तसेच बसून राहिले कितीतरी वेळ. मला काहीच कळलं नाही तेव्हा. खूप वर्षांनी ते बरे असताना मी विचारलं तर म्हणाले, ते तुझ्याबद्दल फार घाण बोलत होते, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांना वाटत होतं तो आवाज मलाही ऐकू येतोय, आणि त्या सगळ्या गोंगाटात त्यांना सुचलं काय तर माझे कान झाकायचं. तुझी आई दप्तर रिकामं करून बघायची ना, ती त्यात काय शोधत होती हे तिला कधी विचारलंयस? कदाचित ती तुझ्यावर नजर ठेवत नसेल, दप्तरातून तुझ्यासोबत काहीतरी घरात येऊ नये किंवा तुला काही होऊ नये म्हणून तपासत असेल. मला माहीत नाही, पण विचारण्यासारखं आहे.

तुला होणार का? आकडे साधे आहेत, लपवत नाही. एकूण लोकांत साधारण १०० मागे एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलांमध्ये ते प्रमाण साधारण १०० मागे १० पर्यंत जातं. दहापट वाढलं हे खरं, आणि शंभरातल्या नव्वद जणांना होत नाही हेही तितकंच खरं. अगदी जुळ्या, एकाच पेशीतून झालेल्या भावंडांत एकाला असला तरी दुसऱ्याला तो निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळा होतो, म्हणजे नुसत्या जीन्सने ठरत नाही. विशी हा जास्त धोक्याचा काळ, तू त्यातली बरीच वर्षं पार केलीयेस आणि वय पुढे जाईल तसा धोका कमी होत जाईल.

झोप लागताना आपल्याला कुणी नावाने हाक मारली असं वाटणं हे भल्याभल्यांना होतं, ज्यांच्या सात पिढ्यांत कुणाला काही नाही त्यांनाही होतं, झोप आणि जागेपणाच्या मधल्या त्या पट्ट्यात मेंदू असं करतो. मीही अख्ख्या तिशीत अंधारात पडून स्वतःला तपासत बसायचे, मला आत्ता जो विचार आला तो माझाच आहे ना, असं. काळजी करण्यासारखं काय असतं तर जागेपणी, दिवसाढवळ्या, पुन्हा पुन्हा आवाज येणं, कित्येक दिवस झोप उडणं, माणसं टाळावीशी वाटणं, लोक आपल्याबद्दलच बोलतायत अशी खात्री होत जाणं. तसं झालं तर थांबायचं नाही, कारण जितक्या लवकर उपचार तितकं पुढचं बरं असतं. आणि गांजाला हात लावू नकोस, कुणी कितीही निरुपद्रवी म्हणू दे, ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी तर नाहीच. एकदा एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला स्वतःसाठी भेटून ये, आईची मुलगी म्हणून नाही, पेशंट म्हणून, ही भीती टेबलावर ठेव. मी ४१ व्या वर्षी गेले. तू इतकी थांबू नकोस.

वेगळं राहण्याचं. यावर मला एक जुनी गोष्ट फार उपयोगी पडली. १९५० च्या दशकापासून जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये अभ्यास सुरू केला की हॉस्पिटलमधून घरी गेलेले काही पेशंट पुन्हा लवकर का आजारी पडतात. तर ज्या घरांत सतत टोचून बोलणं, राग किंवा अति काळजी, म्हणजे माणसाला श्वास घेऊ न देणारी काळजी होती, तिथे आजार जास्त वेळा उलटत होता. पुढे १९७६ मध्ये वॉन आणि लेफ यांना असं दिसलं की अशा तापलेल्या घरातसुद्धा पेशंट आणि घरचे आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी वेळ समोरासमोर असतील तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी राहतं. याचा अर्थ घरच्यांमुळे आजार होतो असा अजिबात नाही, तो दोष परत डोक्यावर घेऊ नकोस. पण दिवसभर काम करून, थकून, चिडून तू चोवीस तास तिच्यासमोर असणं यात तिचं भलं आहे असं जे आपण धरून चालतो ना, ते तसं असेलच असं नाही. थोडं अंतर तिच्यासाठीही चांगलं असू शकतं. लाज कसली वाटून घेतेस.

जायच्या आधी मात्र काही गोष्टी लावून जा. गोळ्या कोण बघणार, हे नक्की एका माणसावर असू दे. या गोळ्यांची झोपेच्या काही गोळ्यांसारखी चटक लागत नाही, पण बरं वाटतंय म्हणून बंद केल्या तर आजार परत येतो, आणि तो दुसऱ्या दिवशी येत नाही, कधी काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येतो, म्हणून सगळ्यांना वाटतं बघ गोळ्या सोडल्या तरी ठीक आहे. रोजच्या गोळीवरून घरात भांडणं होत असतील तर महिन्याला एक किंवा त्याहून लांबच्या अंतराने घ्यायची इंजेक्शनं असतात, डॉक्टरांना विचार, आमच्या घरातलं रोजचं भांडण त्या इंजेक्शनने संपलं आणि बाबा आणि आई पहिल्यांदा गोळी सोडून दुसऱ्या विषयावर बोलायला लागले. दोन वेगवेगळ्या औषधांनी नीट गुण आला नाही तर क्लोझापिन नावाचं औषध असतं, त्याला नियमित रक्ततपासणी लागते पण ज्यांना लागू पडतं त्यांचं आयुष्य बदलतं. आणि तू बीपीचं खोटं सांगितलंस ना, त्यावरून आठवलं, तिचं बीपी खरंच तपास, शुगर आणि वजनही, कारण यातल्या बऱ्याच औषधांनी वजन आणि साखर वाढते आणि मनाचा पेशंट म्हटलं की शरीराकडे कुणी बघतच नाही.

शिवाय आई बरी असतानाच तिच्यासोबत बसून कागदावर लिहा की आजार परत यायला लागला तर आधी काय बिघडतं. बहुतेकांचं झोपेपासून सुरू होतं. माझ्या बाबांचं घड्याळापासून व्हायचं, ते भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवायचे कारण टिकटिकीत त्यांना स्वतःचं नाव ऐकू यायचं. सेल टेबलावर दिसला की आई डॉक्टरांना फोन करायची. तुझ्या आईचं असं काहीतरी असेल, तुला ते पाठ असेल, पण ज्याच्यावर तू सोपवून जाणार त्याला माहीत नसेल. आणि भ्रमाच्या काळात तिच्याशी वाद घालू नका हेही त्याला सांग. भिंतीपलीकडे कुणी नाही हे पुराव्याने पटत नाही, आपण आजारी आहोत हे न कळणं हा आजाराचाच भाग असतो, हट्ट नसतो. ‘तुला भीती वाटतेय ना, मी आहे इथे’ एवढं म्हणता येतं, आणि ते खोटंही नाही.

आता तो मुलगा. सांग. लग्नाच्या आधी सांग, आणि घरच्यांनी नाही, तू सांग. पण तू गुन्हा कबूल करतेयस अशा आवाजात सांगू नकोस, कारण समोरचा माणूस आपल्या आवाजावरून ठरवतो की बातमी किती वाईट आहे. दोघं शांत असाल तेव्हा, सिनेमाच्या त्या वाक्यावर भांडण म्हणून नाही. असं काहीतरी: माझ्या आईला स्किझोफ्रेनिया आहे, वीस वर्षं झाली, औषधं चालू आहेत. मी तुला बीपी सांगितलं कारण मला तू जाशील अशी भीती होती. तू त्या दिवशी जे म्हणालास ते ऐकून मला त्रास झाला, तुला माहीत नव्हतं म्हणून आता सांगतेय. बस. मग गप्प राहा आणि त्याला बोलू दे. पहिल्या पाच मिनिटांत तो काही वेडंवाकडं बोलला, ‘म्हणजे मारतात का त्या?’ असं विचारलं, तर त्यावरून त्याचं माप काढू नकोस, आपणही लहानपणी हे शिकायला वर्षं घेतली. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तो काय विचारतो ते बघ. जो आईबद्दल विचारतो, वाचून येतो, डॉक्टरांना भेटू का म्हणतो तो वेगळा, आणि जो फक्त मुलांना होईल का एवढंच विचारत राहतो तो वेगळा. मुलांबद्दल विचारणं चूक नाही, तुम्ही दोघांनी मिळून डॉक्टरांशी त्यावर बोलायलाच हवं, नुसतं तेवढंच नसावं. आणि गेला तर? जाऊ शकतो, खोटं कशाला सांगू. दुखेल. पण ज्या घरात कुजबुजत बोलावं लागतं असं अजून एक घर तुला मिळण्यापेक्षा ते दुखणं मी पत्करेन.

पण त्याला सांगायच्या आधी एक काम बाकी आहे. आजार आईचा आहे, तेव्हा सांगू का हे तिला विचार. मला वाटतं गेल्या वीस वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नसेल, तिच्याबद्दल सगळं ठरवलं गेलं असेल, कुणाला भेटायचं, कुणाला नाही, बीपी की अजून काही. उद्या संध्याकाळी तिच्या शेजारी बस, घड्या घालायला कपडे घे, आणि म्हण, माझा एक मित्र आहे, मला त्याच्याशी लग्न करायचंय, तुझ्या आजाराबद्दल त्याला सांगू का. उत्तर लगेच येणार नाही, दोन घड्या होतील, चार होतील, घाई करू नकोस. कदाचित ‘बरं’ म्हणेल. कदाचित दुसरंच काही. काय म्हणाली ते मला कळव, मी वाट बघतेय.

तुझी,
ताई